बोंबील, पाऊस आणि समुद्रातलं न दिसणारं रान

मैत्रिणींनो, नारळी पौर्णिमा होते, होड्या पुन्हा पाण्यात जातात आणि आपल्या वसई-विरारच्या मासळी बाजारात पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मावशी, बोंबील कसे दिले?" भाव ऐकून आपण दोन पावलं मागे सरतो. मावशीही काही कमी नसतात. "काय करू बाय, दर्यानच मासली नाय!" असं म्हणून त्या टोपलीवर पाणी शिंपडतात आणि आपल्याकडे बघतही नाहीत.

दर्यात मासळी का नाही, याची उत्तरं बाजारात पन्नास मिळतात. मोठे ट्रॉलर सगळं ओढून नेतात, खाडीत सांडपाणी सोडतात, बारीक आसाची जाळी पिल्लंसुद्धा सोडत नाहीत. या प्रत्येकात तथ्य आहे. पण या सगळ्या हिशेबाच्या तळाशी एक नाव असतं, ते मात्र कोणी घेत नाही. ते कोणाला डोळ्यांनी दिसतही नाही. आज त्याचीच ओळख करून घेऊ. ज्यांच्या घरी मासळी शिजत नाही त्यांनीही पान उलटू नये, कारण ही गोष्ट बोंबलापाशी सुरू होते आणि पावसापाशी जाते. आणि पाऊस काही फक्त मासे खाणाऱ्यांच्या घरी पडत नाही.

बोंबील खातो काय? मुख्यतः जवळा, करंदी आणि लहान मासळी. म्हणून तर पाचूबंदर, किल्लाबंदर, नायगाव, अर्नाळा इथल्या डोल जाळ्यांत बोंबील आणि जवळा बरोबरच येतात. आता जवळा काय खातो? तो पाण्यात तरंगणारे अगदी बारीक जीव आणि वनस्पतींचे कण खातो. जमिनीवर जसं गवत, गवतावर शेळी आणि शेळीवर माणूस, तसंच समुद्रातही एक गवत आहे. फरक इतकाच, की हे गवत मुळं न रोवता पाण्यात तरंगतं आणि त्याचं एकेक पातं म्हणजे एकच पेशी. शास्त्रज्ञ त्याला वनस्पतिप्लवक म्हणतात. आपण सूक्ष्म शेवाळ म्हणू.

तुमच्या गच्चीवरच्या टाकीचं झाकण फुटलं आणि आठवडाभर कोणी लक्ष दिलं नाही तर पाणी हिरवट होतं ना? ते याच गोतावळ्यातलं. (टाकीतलं शेवाळ कितीही घासा, उजेड आत जातोय तोवर ते परत येणारच. घट्ट, उजेड न जाणारं झाकण हाच त्यावरचा उपाय.) भाईंदर-नायगावच्या बाजूला मिठागरांत पाणी आटत आलं की त्याला कधी कधी गुलाबी छटा येते, तीही खाऱ्या पाण्यात जगणारं एक शेवाळ आणि त्याच्या सोबतचे जिवाणू यांच्यामुळे. रोज लोकलने जाणाऱ्या कितीजणींनी ती पाहिली असेल. खिडकीची जागा मिळाली असेल तर.

समुद्रातल्या या शेवाळांत एक जात फार देखणी आहे. तिचं कवच काचेसारखं, वाळूत असते त्याच सिलिकेचं, आणि दोन भागांचं असतं. एक भाग डबीसारखा आणि दुसरा त्यावर बसणाऱ्या झाकणासारखा. आपल्या कुंकवाच्या करंड्यासारखाच! म्हणून मराठीत तिला करंडक वनस्पती असं गोड नाव आहे. इंग्रजीतून आलेलं नाव डायाटम. मेलेल्या करंडकांच्या कवचांचे थर लाखो वर्षं साचून जी पांढरी माती होते, ती भांड्यांना चकाकी आणणाऱ्या पावडरींत वापरली जाते. म्हणजे आपल्या हातांना या काचेच्या करंड्यांची ओळख आधीपासूनच आहे, फक्त नाव माहीत नव्हतं.

आता आकडा ऐका. पृथ्वीवरच्या सगळ्या वनस्पती मिळून उन्हाच्या जोरावर हवेतला आणि पाण्यातला जेवढा कार्बन स्वतःच्या अंगात घेतात, त्यातला जवळजवळ निम्मा हे समुद्रातले कण घेतात. वर्षाला साधारण ५,००० कोटी टन! आणि गंमत अशी की जगातल्या सगळ्या झाडा-झुडपांचं वजन एका पारड्यात आणि या शेवाळाचं दुसऱ्यात टाकलं, तर शेवाळाचं वजन शंभरात एक भागसुद्धा भरत नाही. हे कसं जमतं? वडाचं झाड शंभर वर्षं उभं राहतं. हे कण दिवसा-दोन दिवसांत दुप्पट होतात आणि तेवढ्याच वेगाने खाल्ले जातात. विरजणासारखं आहे हे. चमचाभर विरजण आणि कोमट दूध मिळालं की सकाळपर्यंत पातेलंभर दही, आणि संध्याकाळपर्यंत पातेलं रिकामं.

"आपला दर दुसरा श्वास समुद्राने दिलेला असतो" असं वाक्य मुलांच्या पुस्तकांतून आणि भाषणांतून फार ऐकू येतं. ते जरा बेतानेच घ्यावं. शेवाळ प्राणवायू तयार करतं हे खरं, पण त्यातला बहुतेक सगळा समुद्रातलेच जीव लगोलग वापरून टाकतात. शेवाळाचं मोठेपण सांगायला त्या वाक्याची गरज नाही. त्याची खरी कामगिरी निराळी आहे.

तुरटीचं काम

पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की आपल्या आया हंड्यात तुरटीचा खडा फिरवायच्या. मातीचे सुटे कण एकमेकांना चिकटायचे, जड व्हायचे आणि तळाशी बसायचे. समुद्रात असंच चालतं. शेवाळाचे कण मरतात, किंवा त्यांना खाणाऱ्यांच्या विष्ठेत जातात, एकमेकांना चिकटतात आणि भुरभुर खाली बसू लागतात. त्यांच्याबरोबर कार्बनही खाली जातो. वाटेत बहुतेक सगळा कुजून पाण्यात विरघळतो, पण थोडा भाग इतका खोल पोचतो की तिथलं पाणी पुन्हा वर यायला शेकडो वर्षं लागतात. तितका काळ तो कार्बन हवेबाहेर राहिला, म्हणजे तेवढी उष्णता कमी. आज आपण धुराड्यांतून आणि गाड्यांतून जो कार्बन वायू सोडतो, त्याचा साधारण चौथा हिस्सा समुद्र पोटात घेतो. त्यात पाण्यात वायू विरघळण्याचा वाटा मोठा आहे हे खरं. पण खोल पाण्यातला जुना साठा तिथे राखून ठेवण्याचं काम या गाळाचं.

आता दुसरी कामगिरी. ही आपल्या घरची म्हणायला हवी, कारण तिचा हिशेब आपल्याच अरबी समुद्रावर मांडला गेला.

उन्हात पांढरी साडी नेसून निघा आणि काळी नेसून निघा. फरक सांगायला नको. पाण्याचंही तसंच आहे. स्वच्छ निळ्या पाण्यात ऊन खोलवर, कित्येक मीटर जातं आणि त्याची ऊब जाड थरात वाटली जाते. पाण्यात शेवाळ दाट झालं की त्यातलं हरितद्रव्य ते ऊन वरच्या वर शोषून घेतं. वरचा थर जास्त तापतो, खालचा तुलनेने थंड राहतो. १९७८ साली अमेरिकेने निंबस-७ नावाचा उपग्रह सोडला. त्यावर समुद्राचा रंग मोजणारं यंत्र होतं. कुठे पाणी किती हिरवं आहे याचे नकाशे पहिल्यांदाच आकाशातून मिळू लागले. त्या नकाशांच्या आधारे शुभा सत्येंद्रनाथ या भारतीय शास्त्रज्ञ बाईंनी, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले सतीश शेट्ये, अल्बर्ट गोव्हिया आणि इतर सहकाऱ्यांबरोबर १९९१ साली 'नेचर' या नामांकित नियतकालिकात एक निबंध लिहिला. त्यांनी अरबी समुद्राच्या तापण्या-निवण्याचं गणित महिन्या-महिन्याने मांडलं आणि दाखवून दिलं की पाण्याच्या पृष्ठभागाचं तापमान वर्षभर कसं चढतं-उतरतं, हे ठरवण्यात या शेवाळाचा मोठा हात आहे.

अर्ध्या-एक अंशाने काय होतंय, असं तुम्ही म्हणाल. पण समुद्राचं पाणी साधारण २८ अंशांच्या पुढे गेलं की त्याच्यावर उंच ढग उभे राहायला परिस्थिती अनुकूल होते. ती रेषा ओलांडायला अर्धा अंशही पुरतो. २०२० साली इंग्लंडमधल्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठातल्या संशोधकांनी बंगालच्या उपसागराबद्दल असंच गणित केलं. पाण्यातलं हरितद्रव्य ऋतूप्रमाणे बदलतं हे जमेस धरलं, तेव्हा वर्षातल्या काही काळात आसपासच्या पावसाच्या आकड्यांतही फरक पडला. डोळ्यांना न दिसणारा करंडा आणि तुमच्या दोरीवरचे न वाळणारे कपडे यांचा संबंध आहे तो असा.

जमाखर्चाची वही

मघापासून मी 'गणित' म्हणते आहे. हे गणित म्हणजे काय? शास्त्रज्ञ त्याला मॉडेल म्हणतात. शब्द ऐकून दबकायचं कारण नाही. महिन्याचा जमाखर्च लिहिणाऱ्या बाईला मॉडेल समजलंच पाहिजे. जमेला उजेड, आणि नायट्रेट, फॉस्फेट, लोह, सिलिका ही खतं. खर्चाला जवळ्यासारख्यांनी खाल्लेलं, मेलेलं, तळाशी गेलेलं. उरलं ते आजच्या दिवसाचं शेवाळ. दुसऱ्या दिवशी हीच शिल्लक वरच्या ओळीत. १९४६ साली गॉर्डन रायली नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने मासेमारीसाठी प्रसिद्ध असलेल्या जॉर्जेस बँक या उथळ समुद्राचा असा हिशेब मांडला होता, तोही संगणकाशिवाय.

आता हीच वही साऱ्या पृथ्वीची करायची तर? समुद्राचे आणि हवेचे हजारो चौकोनी ठोकळे पाडायचे, प्रत्येकाची वेगळी वही ठेवायची आणि शेजारच्या ठोकळ्यातून काय आलं, काय गेलं तेही दर थोड्या वेळाने लिहायचं. माणसाच्या हाताचं हे काम नाही. आपल्या महाराष्ट्रात, पुण्याच्या पाषाण भागात असलेल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत, म्हणजे आयआयटीएममध्ये, हे काम चालतं. आर. कृष्णन, स्वप्ना पणिकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे अशी एक मोठी वही तयार केली आणि २०१५ साली तिची माहिती जगापुढे मांडली. हवा, समुद्र, बर्फ, जमीन आणि समुद्रातलं शेवाळ, सगळी खाती तिच्यात एकत्र आहेत. शेवाळाचं खातं त्यांनी तीन नावांवर वाटलं आहे: बारीक कण, मोठे कण आणि हवेतला नत्र स्वतःच धरून खत करून घेणारे. जगातल्या सरकारांना हवामानाचा अहवाल देणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या सहाव्या अहवालासाठी जी मॉडेलं वापरली गेली, त्यांत हे भारतीय मॉडेलही होतं. आणि ते उभं करण्यात एक बाई पुढे होत्या, हे मुद्दाम सांगावंसं वाटतं.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. अशा मॉडेलचा एक ठोकळा शंभर-दोनशे किलोमीटरचा असतो. वसई-विरारच काय, मुंबई, ठाणे, पालघर आणि समोरचा समुद्र एका-दोन ठोकळ्यांत संपतो. त्यामुळे "येत्या हंगामात अर्नाळ्याला बोंबील किती लागणार?" हा प्रश्न त्याला विचारण्यात अर्थ नाही. चाळीस वर्षांनी अरबी समुद्र कसा असेल, हा प्रश्न विचारता येतो.

सरबत ढवळलं नाही तर

त्या प्रश्नाचं उत्तर मात्र काळजीत टाकणारं आहे. लिंबाच्या सरबतात साखर घातली आणि ढवळलं नाही, तर साखर तळाशी आणि वरचा घोट आंबट. समुद्राची खतं अशीच तळाशी असतात. ती वर आणायला ढवळणारा चमचा लागतो, आणि आपल्या समुद्राला तो वर्षातून दोनदा मिळतो. एकदा पावसाळ्यात, नैर्ऋत्येच्या जोरदार वाऱ्याने. तेव्हा सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याजवळ खालचं थंड, खतदार पाणी वर येतं. दुसऱ्यांदा हिवाळ्यात. हे हिवाळ्याचं कोडं गोव्याच्याच संस्थेतल्या एम. मधुप्रताप, एस. प्रसन्न कुमार आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली उलगडलं. उत्तरेकडून येणारा थंड, कोरडा वारा अरबी समुद्राच्या उत्तर भागातलं वरचं पाणी निववतो. निवलेलं पाणी जड होऊन खाली जातं, त्याच्या जागी खालचं खत घेऊन पाणी वर येतं, आणि जानेवारी-फेब्रुवारीत समुद्र हिरवागार होतो.

आता वरचं पाणीच तापत गेलं तर? मटणाच्या रश्श्यावर तर्री जशी वेगळी तरंगते, तसा गरम पाण्याचा हलका थर वर बसून राहतो आणि खालचं खत वर येऊ देत नाही. पश्चिम हिंद महासागराचं उन्हाळी तापमान १९०१ ते २०१२ या काळात सुमारे १.२ अंशांनी वाढलं, असं आयआयटीएमचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं आहे. जगातल्या समुद्रांत ही वाढ फार मोठी समजली जाते. त्यांनीच २०१६ साली उपग्रहांची मोजमापं आणि मॉडेलं एकत्र करून सांगितलं की या भागातलं शेवाळ गेल्या सहा दशकांत वीस टक्क्यांपर्यंत घटलं आहे.

इथे शास्त्रज्ञांचं भांडणही सांगितलं पाहिजे, नाहीतर सगळं ठरूनच गेलं आहे असं वाटेल. २००५ साली मूळचे गोव्याचे जोकिम गोएस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बरोबर उलट म्हटलं होतं. त्यांच्या मते आशियाची जमीन तापते आहे, हिमालयाकडचं बर्फ कमी होतं आहे, त्यामुळे पावसाळी वारे जोरदार होऊन अरबी समुद्राच्या पश्चिम भागात शेवाळ वाढतं आहे. दोघेही प्रामाणिक, दोघांकडेही उपग्रहाचे आकडे. मग? २००५ च्या निबंधापुढे सातच वर्षांची वही होती. सात वर्षांच्या किराणा बिलावरून साठ वर्षांची महागाई सांगता येत नाही. मला स्वतःला लांब वहीचा निकाल जास्त पटतो, पण समुद्राच्या बाबतीत साठ वर्षंही फार नव्हेत, हेही खरं.

गोएस आणि हेल्गा द रोझारियो गोमेश यांचं पुढचं काम मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. शेवाळ किती आहे, याबरोबर ते कोणतं आहे हेही पाहायला हवं, असं त्यांनी दाखवलं. उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात पूर्वी करंडकांचं राज्य असे. या शतकाच्या सुरुवातीपासून तिथे नॉक्टिल्युका नावाचा जीव भराभर वाढू लागला. हा पुरता वनस्पतीही नाही आणि पुरता प्राणीही नाही. पोटात हिरव्या शेवाळाचे कण पाळतो, त्यांनी केलेलं अन्न खातो, आणि वर करंडकांनाही गिळतो. म्हणजे स्वतःच्या घरचं शिजवून शेजारच्याकडेही जेवायला जाणारा! जवळा आणि लहान मासळी त्याला फारसं तोंड लावत नाहीत. खातात ते जेलीफिशसारखे मऊ जीव, ज्यांना आपल्या बाजारात गिऱ्हाईक नाही. २०१४ च्या त्यांच्या निबंधात याचं एक कारण असं दिलं आहे, की खालचं प्राणवायू कमी झालेलं पाणी आता वर येऊ लागलं आहे आणि अशा पाण्यात नॉक्टिल्युकाला करंडकांपेक्षा बरं जमतं.

कोकणच्या किनाऱ्यावर हिवाळ्याच्या रात्री कधी कधी लाटा निळ्या उजेडाने चमकतात. २०२० च्या नोव्हेंबरात जुहूच्या चौपाटीवर ते बघायला माणसं धावली होती. तो चमत्कार याच नॉक्टिल्युकाचा. दिसायला सुरेख आहे यात वाद नाही.

ढग आणि खडीसाखर

तिसऱ्या कामगिरीबद्दल थोडक्यात. समुद्राकाठी गेल्यावर नाकाला जो खास वास येतो, त्यात शेवाळापासून निघणाऱ्या एका गंधकाच्या वायूचा वाटा असतो. कोबी उकडताना किंवा मक्याची कणसं शिजताना येणाऱ्या वासातही तो वायू असतो. हवेत गेल्यावर त्याचे बारीक कण होतात आणि त्या कणांवर वाफ जमून ढगाचे थेंब बनतात. कण जास्त तर थेंब बारीक आणि पुष्कळ, आणि ढग अधिक पांढरा. खडीसाखर पारदर्शक दिसते आणि तीच कुटली की पांढरीशुभ्र, तसंच. पांढरा ढग ऊन परत पाठवतो. १९८७ साली चार शास्त्रज्ञांनी असा सिद्धान्त मांडला की ऊन वाढलं की शेवाळ हा वायू जास्त सोडतं, ढग पांढरे होतात आणि पृथ्वी आपणच थंड होते. कल्पना इतकी सुबक होती की सगळ्यांना आवडली. २०११ साली पुरावा तपासला गेला तेव्हा आढळलं की समुद्रावरचे ढग बनायला मिठाचे कण आणि इतरही पुष्कळ गोष्टी लागतात, आणि ते सुबक चक्र काही तसं फिरत नाही. शेवाळ आपल्याला आपोआप सांभाळून घेईल या भरवशावर राहण्यात अर्थ नाही.

मग माणसाच्या डोक्यात येणारच ते आलं. आपणच समुद्राला खत घातलं तर? दक्षिणेकडच्या बर्फाळ महासागरात बाकीची खतं मुबलक, पण लोह कमी. म्हणजे त्या समुद्राला चक्क पंडुरोग! जॉन मार्टिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने ही कमतरता ओळखली आणि अर्धा टँकर लोह द्या, हिमयुग आणून दाखवतो, असं तो १९८८ साली गमतीने म्हणाला होता. १९९३ साली समुद्रावर पहिला प्रयोग झाला, त्याच्या काही महिने आधी तो वारला.

या प्रयोगांतला एक मोठा प्रयोग आपला आहे. २००९ च्या जानेवारीत गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांचं जहाज दक्षिण महासागरात निघालं. नाव ठेवलं 'लोहाफेक्स', त्यातला 'लोह' आपलाच. आपले एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि जर्मनीहून व्हिक्टर स्मेटाचेक हे दोघे प्रमुख. सुमारे ३०० चौरस किलोमीटर पाण्यात त्यांनी लोहाचं मीठ विरघळवून सोडलं, फेरस सल्फेट. गरोदरपणी दवाखान्यातून ज्या लोहाच्या गोळ्या मिळतात, त्यांत पुष्कळदा असतं तेच! पर्यावरणवाद्यांनी मोठा आरडाओरडा केला, जर्मन सरकारने काही दिवस प्रयोग अडवून धरला, मग परवानगी दिली.

काय झालं? लोह मिळताच शेवाळ वाढलं, पंधरवड्यात दुप्पट झालं. पण पाण्यात सिलिका संपलेली होती. काचेचे करंडे घडवायला काचच नाही, म्हणून करंडक वाढलेच नाहीत. जे मऊ शेवाळ वाढलं, ते बारीक झिंग्यांसारखे जीव येऊन फस्त करून गेले आणि त्यांना त्यांच्याहून मोठ्यांनी खाल्लं. तळाशी कार्बन गेला तो अगदी थोडा. रक्त वाढायला नुसती लोहाची गोळी पुरत नाही, ताटात बाकीचंही लागतं, हे आपल्याला कोणी वेगळं सांगायला नको. एवढा खर्च करून हाती काय आलं, असं काहींनी विचारलं. मला वाटतं, पुष्कळ आलं. समुद्रात लोह ओतून हवामान सुधारण्याची स्वप्नं विकायला निघालेल्या कंपन्या तेव्हा होत्या. त्यांना या प्रयोगाने परस्पर उत्तर दिलं. आणि मॉडेलच्या वहीत 'खाणाऱ्यांचं' खातं किती मोठं आहे, तेही कळलं.

आता पुन्हा आपल्या किनाऱ्याकडे. हैदराबादच्या 'इन्कॉइस' या सरकारी संस्थेकडून मच्छीमारांना मासे कुठे सापडण्याचा संभव आहे याची सूचना मिळते. उपग्रहाने पाहिलेलं पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य यांवरून ती ठरवतात. म्हणजे हिरवं रान कुठे आहे हे पाहून चरणारे कुठे असतील याचा अंदाज. खोल समुद्रात बांगडा, सुरमईमागे जाणाऱ्या होड्यांना तिचा उपयोग होतो. डोल लावणाऱ्याला तितका नाही, कारण डोल एका जागी रोवलेली असते आणि भरती-ओहोटी जे आणून टाकील ते तिच्यात येतं. शिवाय आपल्या किनाऱ्याचं पाणी गाळाने तपकिरी. वरून पाहणाऱ्या उपग्रहाला त्यात गाळ कुठला आणि शेवाळ कुठलं हे नीट उमगत नाही.

म्हणजे बोंबील सुकवणाऱ्या आपल्या कोळी भगिनींच्या वाट्याला या मोठ्या शास्त्रातून अजून थोडंच आलं आहे. आणि तापलेल्या समुद्राचा फटका मात्र त्यांनाच आधी बसतो. २०१७ च्या डिसेंबरात ओखी, २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात क्यार आणि महा ही वादळं आली तेव्हा ऐन सुकवणीच्या दिवसांत पाऊस पडला आणि वाळत घातलेली मासळी भिजली. भिजलेला बोंबील पुन्हा वाळत नाही, त्याला वास येतो, किडे पडतात. पावसाळ्याच्या चार महिन्यांची बेगमी, मुलांच्या फीचे पैसे, सगळं त्या बांबूंवर टांगलेलं असतं. तेव्हा सुक्या बोंबलाची जुडी घेताना दहा रुपयांसाठी फार ओढाताण करू नका, एवढं मागणं आहे.

मुलांना हे रान प्रत्यक्ष बघायचं असेल तर ते जमण्यासारखं आहे. त्यांच्या शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर बाईंना विचारून ठेवा. हिवाळ्यातल्या एखाद्या सुट्टीच्या सकाळी, भरती असताना, भुईगाव, राजोडी किंवा कळंबच्या किनाऱ्यावरून स्वच्छ काचेच्या बाटलीत पाणी भरून आणा. लाटेच्या फेसातलं नको, गुडघाभर पाण्यातलं घ्या. मुलांना एकटं पाण्यात पाठवू नका. बाटली अर्धा तास हलवू नका, म्हणजे जाड गाळ बसेल. मग गाळाच्या अगदी वरचा एक थेंब काचपट्टीवर घेऊन बघा. वाळूचे वेडेवाकडे दाणे ओळखू येतात. त्यांच्यामध्ये काही आकार रेखीव दिसतील, गोल चकतीसारखे, होडीसारखे, माळेत ओवल्यासारखे. तेच करंडक. पाणी उन्हात ठेवू नका आणि फ्रीजमध्येही नको. त्याच दिवशी पाहून घ्या.